नगरमध्ये समुद्र: खारं पाणी बनवायचं कसं, साठवायचं कसं

या भागाचं लिखित रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, आकडे मात्र नीट मांडून दिलेत म्हणजे ऐकताना सुटलं तर इथं सापडेल.

आजचा विषय बऱ्याच दिवसांपासून यादीत होता. रीफ टँक. म्हणजे घरातल्या काचेच्या टाकीत समुद्र. निळा लाईट, खडक, त्यात इकडून तिकडे फिरणारा नारिंगी-पांढरा क्लाउनफिश. रील्समध्ये तुम्ही हे सगळं बघितलंच असेल. पण रीलमध्ये एक गोष्ट कधी दिसत नाही. टाकीच्या मागे, बाल्कनीत किंवा मोरीत उभा असलेला ड्रम. आज मी फक्त त्या ड्रमबद्दल बोलणार आहे.

कारण सोपं आहे. आपण नगरकर. आता कागदोपत्री अहिल्यानगर, पण बोलताना तोंडात नगरच येतं. क्षेत्रफळानं राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा आणि समुद्राचा एक थेंब नाही. मुंबई रस्त्यानं साधारण अडीचशे किलोमीटर. रात्री अकराला टाकीत काही बिघडलं तर पाणी आणायला कुठं जाणार? म्हणून माझं आजचं म्हणणं एका वाक्यात सांगतो: समुद्रापासून लांब राहणाऱ्या माणसाची टाकी किती मोठी आहे याला फार अर्थ नाही, त्याच्याकडे तयार खारं पाणी किती आहे यावर त्याचे मासे जगतात.

आणि खरं सांगू का, पाणी साठवायचं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. निजामशाहीत या शहरात लांबून नळानं पाणी आणलं जायचं, फराहबागेचा महाल तर तलावाच्या मधोमध उभा केला होता. आज दिवसाआड पाणी येणाऱ्या गल्लीत कुठल्याही घरात जा, टाकी, पिंप, हंडे भरलेले असतात. तीच सवय इथं वापरायची आहे, फक्त जरा मोजून मापून.

समुद्राचं पाणी थेट का आणायचं नाही?

पहिला प्रश्न हाच येतो. "दादा, कल्याण रोडनं माळशेज उतरलं की झालं, कॅन भरून आणू की!" बरं, हिशोब करू. २०० लिटर समुद्राच्या पाण्याचं वजन होतं साधारण २०५ किलो. ते एकदा आणून भागत नाही, दर आठवड्याला थोडं थोडं बदलावं लागतं. दुसरं, शहराच्या किनाऱ्यावरचं पाणी म्हणजे गाळ आणि सांडपाणी मिसळलेलं पाणी. पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी मिसळून त्याचा खारेपणाही खाली येतो. आणि तिसरं, त्या पाण्यात सूक्ष्म जीव असतात. बंद कॅनमध्ये, उन्हात, पाच-सहा तासांच्या प्रवासात ते मरतात आणि सडतात. घरी पोचतं ते समुद्राचं पाणी नसतं, त्याचा काढा असतो.

लांबून समुद्र आणायचा प्रयत्न जगात कुणी केला नाही असं नाही. अमेरिकेत शिकागो शहर समुद्रापासून खूप आत आहे. तिथलं शेड अ‍ॅक्वेरियम १९३० साली उघडलं तेव्हा त्यांनी फ्लोरिडाच्या की वेस्टहून, म्हणजे दोन हजार किलोमीटरपेक्षा लांबून, रेल्वेनं समुद्राचं पाणी आणलं. वीस टँकर वॅगन, आठ फेऱ्या, जवळपास दहा लाख गॅलन. आपल्याला हे चित्र अनोळखी नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला 'जलदूत' रेल्वे गेली होती, आठवतंय? पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर. फरक एवढाच की ते पाणी माणसांना प्यायला होतं आणि ते माशांना राहायला.

मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चं. ते मरीन ड्राइव्हवर, समोरच समुद्र. शिकागोला ती सोय नव्हती, आणि पुढे तिथंही मीठ मिसळून पाणी बनवायला लागले. म्हणजे एवढ्या मोठ्या संस्थेनं जो रस्ता धरला, तोच आपला.

मग घरातलं मीठ टाकलं तर?

नाही. अजिबात नाही. का ते समजून घ्या, म्हणजे पुढं कुणी "अरे, सैंधव टाक" असं सांगितलं तरी तुम्ही फसणार नाही.

१८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' नावाचं ब्रिटिश जहाज जगभरच्या समुद्रांवर फिरलं. त्यांनी आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिट्मार नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं तपासले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष छापले. मोठी गोष्ट ही निघाली की पाणी कुठल्याही महासागराचं असो, खारेपणा थोडा कमी-जास्त होतो, पण त्यातल्या मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास तेच राहतं.

एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातला तीन चतुर्थांशापेक्षा थोडा जास्त भाग म्हणजे आपलं जेवणातलं मीठ, सोडियम क्लोराईड. उरलेल्या भागात मॅग्नेशियम साधारण १.३ ग्रॅम, कॅल्शियम ०.४ ग्रॅम, पोटॅशियम तेवढंच, सल्फेट २.७ ग्रॅम आणि थोडं बायकार्बोनेट. हा उरलेला भाग छोटा दिसतो, पण शंख-शिंपल्यांचं कवच कॅल्शियम आणि कार्बोनेटवर बनतं, पाण्याचा पीएच बायकार्बोनेट सांभाळतं. नुसतं मीठ टाकलं तर पाणी खारट होईल, समुद्र होणार नाही. म्हणून रीफसाठी बनवलेलं सिंथेटिक सी सॉल्टच घ्यायचं. त्यात हे सगळं मोजून घातलेलं असतं.

खरा खेळ गोड्या पाण्याचा

मीठ चांगलं घेतलं, आता ते कशात मिसळणार? आपल्याकडे तीन पाणी. नळाचं, बोअरचं, आणि घरच्या आरओचं.

बोअर आपल्याकडे काळ्या पाषाणातलं. बादलीच्या तळाला, नळाच्या तोटीला पांढरा थर बसतो तो बघितलाय ना? ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. शेतीच्या पट्ट्यात खतांमुळे नायट्रेटही उतरलेलं असू शकतं. हे पाणी वापरलं की मिठाच्या कंपनीनं जे प्रमाण मोजून दिलंय ते आपण पहिल्याच पायरीला मोडतो. वरून नायट्रेट-फॉस्फेट म्हणजे शेवाळाला आयतं खत. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते माशांच्या कल्ल्यांना जाळतं. पितळी कॉक, तांब्याचे पाईप यातून तांबं उतरतं. माणसाला तेवढ्यानं काही होत नाही, पण कोळंबी, शंख, प्रवाळ यांना तांबं म्हणजे विषच.

घरचं पिण्याचं आरओ? तेही थेट नको. बऱ्याच मशीनमध्ये चव यावी म्हणून मिनरल कार्ट्रिज असतं किंवा थोडं मूळ पाणी परत मिसळायची सोय असते. टीडीएस पेननं मोजा, ५०, ८०, १०० असं काही येईल. आपल्याला पाहिजे शून्य. त्यासाठी आरओच्या पुढे डीआय रेझिनचा एक डबा जोडतात. आरओ बहुतेक क्षार काढतं, उरलेलं रेझिन पकडतं. रंग बदलणारं रेझिन घेतलं तर ते संपत आलंय हे डोळ्यांनाच दिसतं. पेनवर शून्याऐवजी ३, ४ दिसायला लागलं की रेझिन बदलायचं. बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटर काही जण वापरतात. वापरायचंच असेल तर प्रत्येक कॅन मोजून घ्या, लेबलवर विश्वास ठेवू नका.

आता जी गोष्ट यूट्यूबवर कुणी सांगत नाही ती. आरओ चांगलं पाणी देतं तेव्हा बाजूनं वाया जाणारं पाणीही सोडतं. साध्या मशीनमध्ये एक लिटरमागे तीन लिटर जाणं नवीन नाही. २०० लिटरच्या टाकीला आठवड्याला २० लिटर खारं पाणी बदलायला आणि तितकंच गोडं पाणी बाष्पीभवन भरून काढायला लागलं, तर ४० लिटर चांगल्या पाण्यामागे १२० लिटर बाहेर. आपल्या जिल्ह्यात, जिथं हिवरे बाजारसारखं गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून कुठलं पीक घ्यायचं ते ठरवतं, तिथं छंदासाठी १२० लिटर गटारात सोडणं शोभत नाही. मे महिन्यात तर आई विचारणारच, "एवढं पाणी कशाला रे?" तेव्हा ती नळी गटारात सोडायच्या आधी दुसऱ्या टाकीत सोडा. फरशी, संडास, गाडी धुणं, सगळं त्या पाण्यात होतं. ही सोय होत नसेल तर छोटी टाकी घ्या, किंवा हा छंद थोडा पुढे ढकला. हे मी मनापासून सांगतोय.

मिसळायची पद्धत

चला, आता हातानं काम. उदाहरण ६० लिटरचं घेऊ.

एक. आधी पाणी, मग मीठ. ड्रममध्ये ६० लिटर आरओ-डीआय पाणी भरा. छोटा पंप आत टाकून पाणी फिरतं ठेवा. मीठ आधी टाकून वरून थोडं पाणी ओतलं तर तळाशी फार दाट द्रावण होतं, कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना पकडून पांढरा साका बनवतात आणि तो पुन्हा विरघळत नाही. म्हणजे ज्यासाठी महाग मीठ घेतलं तेच तळाला बसलं.

दोन. मिठाच्या पिशवीवर लिटरमागे किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं. ते ३८ ग्रॅम असेल तर ६० लिटरला २,२८० ग्रॅम. पण सगळं एकदम टाकू नका. आधी २ किलो तोलून घ्या, मूठ-मूठ करत टाका. वाटीनं मोजू नका, वजन करा. मीठ दमट असेल तर वाटीतलं वजन बदलतं. पिशवी उघडण्याआधी आडवी करून नीट घोळवा, कारण वाहतुकीत बारीक आणि जाड दाणे वेगळे झालेले असतात.

तीन. पाणी गार किंवा फार गरम नको. २५ अंशांच्या आसपास ठेवा. पंप चालू. पाणी वर खाली हललं पाहिजे, म्हणजे हवा मिसळते आणि पीएच जागेवर येतो. किती वेळ? पिशवीवर कंपनीनं लिहिलेलं वाचा. काही मीठ दोन-चार तासांत तयार होतं, काही एक दिवस मागतं. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसलं पाहिजे.

चार. आता मोजा. लक्ष्य ३५, म्हणजे हजार भागांत ३५ भाग क्षार. घनतेत सांगायचं तर १.०२६. आकडा ३३ आला तर ६० लिटरला साधारण १२० ते १३० ग्रॅम मीठ आणखी. ३७ आला तर सव्वातीन लिटर खारं पाणी काढा आणि तेवढंच आरओ पाणी घाला. परत फिरवा, परत मोजा.

पाच. हे सगळं ड्रममध्ये. मासे असलेल्या टाकीत सुकं मीठ कधीही टाकायचं नाही. न विरघळलेला दाणा माशाच्या कल्ल्याला लागला तर भाजल्यासारखं होतं.

मोजायचं कशानं?

इथं शेतकऱ्यांच्या पोरांना एक गंमत सांगतो. संगमनेर-राहात्याकडे डाळिंबाच्या बागा असणाऱ्या घरात ईसी हा शब्द पाठ असतो. माती परीक्षणाच्या कागदावर असतो, ड्रिपमधून खत सोडताना मोजतात. जमिनीचा ईसी ४ च्या वर गेला की तिला क्षारयुक्त म्हणतात. समुद्राचा ईसी किती? साधारण ५३. म्हणून शेतातलं साधं ईसी पेन इथं चालत नाही, त्याची पट्टी बहुतेक वेळा २० च्या आसपास संपते. टीडीएस पेनचंही तेच. ते गोड्या पाण्यासाठी आहे, खाऱ्या पाण्यात बुडवलं तर आकडा काहीतरी दाखवेल, पण त्याला अर्थ नसेल.

तुम्हाला लागतो रिफ्रॅक्टोमीटर. दुर्बिणीसारखा, काचेवर दोन थेंब टाकून उजेडाकडे बघायचं. पण घेताना समुद्राच्या पाण्याचा घ्या, आणि वापरण्याआधी कॅलिब्रेट करा. ३५ चं तयार द्रावण मिळतं. ते नसेल तर घरी बनवा: ३६.५ ग्रॅम घरातलं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम आरओ-डीआय पाणी, दोन्ही चांगल्या वजनकाट्यावर तोलून. हे द्रावण रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ दाखवलं पाहिजे. नाही दाखवलं तर स्क्रू फिरवून ३५ वर आणा. लक्षात ठेवा, हे द्रावण फक्त यंत्र तपासायला आहे, माशाला नाही.

खारेपणाबरोबर महिन्यातून एक-दोनदा अल्कलिनिटी, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तपासत राहा. रीफसाठी लोक साधारण ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४२० आणि मॅग्नेशियम १३०० च्या आसपास ठेवतात. नवीन पिशवी उघडली की पहिल्या ड्रमचं पाणी टाकीत जाण्याआधी तपासा. पिशवी-पिशवीत फरक पडतो.

साठवण: दोन ड्रम

आता मुख्य मुद्दा. दोन ड्रम लागतात. एकात गोडं आरओ-डीआय पाणी, दुसऱ्यात तयार खारं पाणी. दोन्हींवर मार्करनं मोठ्या अक्षरात लिहा. घरात दुसरं कुणी पाणी ओतायला गेलं तर गल्लत व्हायला नको.

किती खारं पाणी ठेवायचं? टाकीच्या पाव भागाएवढं तरी कायम. २०० लिटरच्या टाकीला ५० ते ६० लिटर. कारण संकट सांगून येत नाही. खडकामागे एखादा मासा मेला, सडला, अमोनिया वाढला. किंवा शेजारच्या काकांनी कीटकनाशकाचा फवारा मारला. किंवा हीटर अडकून पाणी तापलं. अशा वेळी पहिला उपाय एकच, चांगलं पाणी बदलणं. आणि समुद्राच्या पाण्याचा पीएच ८ च्या वर असतो, तिथं अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा जास्त घातक ठरतो. तुमच्याकडे ड्रम तयार असेल तर अर्ध्या तासात काम होतं. ड्रम रिकामा असेल तर आधी आरओ चालू, मग मीठ, मग वाट बघणं. तोवर रात्र उलटते. त्या रात्रीत टाकी जाते.

ड्रम कुठला? निळं टिपाड आपल्याकडे भंगारवाल्याकडे स्वस्त मिळतं. घेऊ नका. त्यात आधी काय होतं, औषध, अ‍ॅसिड की रंग, कुणी सांगू शकत नाही, आणि प्लॅस्टिक ते शोषून ठेवतं. नवीन, खाण्याच्या पदार्थांसाठी चालणारं एचडीपीई घ्या. तळाला त्रिकोणात २ आकडा असतो. आत लोखंडी कडी, पितळी तोटी काही नको, सगळं प्लॅस्टिक.

ठेवायचं कुठं? गच्चीवर नाही. नगरचा मे म्हणजे चाळिशीचा पारा. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात लावता येत नाही असं होतं. सावलीत, थंड खोलीत, अंधारात, झाकण लावून ठेवा. उजेड मिळाला की शेवाळ धरतं. माळ्यावरही नाही. २०० लिटर म्हणजे २०५ किलो, माळा त्यासाठी बांधलेला नसतो. जमिनीवर, भिंतीलगत.

झाकण लावलेलं, स्वच्छ ड्रममधलं खारं पाणी आठवडे टिकतं. त्यात काही खाद्य नाही, मासा नाही, सडायला काही नाही. रोज थोडा वेळ पंप चालवला तरी पुरतं, काही कंपन्या मात्र मिसळलेलं पाणी लवकर वापरा असं सांगतात, ते पाळा. वापरण्याआधी पंप चालवून परत मोजा आणि तापमान टाकीच्या पाण्याशी जुळवा. दर काही महिन्यांनी ड्रम रिकामा करून आतला पांढरा थर व्हिनेगरनं धुवा आणि गोड्या पाण्यानं खळखळून काढा.

मिठाच्या पिशवीचीही काळजी घ्या. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार हवेतलं पाणी ओढतात. जुलैत पिशवीचं तोंड उघडं राहिलं की आत दगड तयार. हवाबंद डब्यात ठेवा. तरीही दगड झालाच तर तो फोडून वापरू नका, प्रमाण बिघडलेलं असतं.

उडतं ते पाणी, राहतं ते मीठ

एक गोष्ट नवीन लोकांना सारखी चकवते. टाकीतलं पाणी कमी झालं की ते खारं पाणी घालतात. चूक! उन्हात उडतं ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहतं. म्हणून रोजची भर गोड्या आरओ पाण्याची.

आकड्यात बघा. २०० लिटरची टाकी, रोज ३ लिटर उडालं, आपल्या कोरड्या उन्हाळ्यात पंखा लावून ठेवला तर हे सहज होतं. तुम्ही आठवडाभर गावाला गेलात, कुणी भर घातली नाही. २१ लिटर गेले, १७९ उरले. खारेपणा ३५ वरून ३९ वर. परत आल्यावर एकदम २१ लिटर गोडं पाणी ओतलंत तर तो दुसरा धक्का. म्हणून रोज थोडं, किंवा फ्लोट लावून आपोआप भरणारी सोय. गोड्या पाण्याचा ड्रम त्यासाठीच.

लाईट गेली तर? गरम आणि खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो. म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात पाहिजेच. फिल्टर, हीटर, लाईट सगळं बंद राहिलं तरी चालेल, पाण्याची हालचाल बंद राहून चालणार नाही. इन्व्हर्टर असेल तर त्यावर एक छोटा पंप जोडून ठेवा.

जुनं पाणी कुठं टाकणार?

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात विचारलाच पाहिजे. आठवड्याला २० लिटर बदललं तर त्यात ७०० ग्रॅम क्षार. वर्षाचे ५२ आठवडे. छत्तीस किलोपेक्षा जास्त मीठ. ते तुम्ही परसातल्या झाडांना घातलं तर झाडं जातील आणि त्या जागेची मातीही खराब होईल. गावाकडे बऱ्याच घरांचं सांडपाणी शोषखड्ड्यात जातं. शोषखड्डा कशासाठी, तर पाणी जमिनीत मुरावं म्हणून. मग तुमचं मीठही तिथंच मुरणार, शेजारच्या विहिरीकडे. प्रवरेच्या कालव्याखालच्या पट्ट्यात क्षारपड जमीन म्हणजे काय हे आजोबांना विचारा. एकदा चढलेला क्षार उतरवायला वर्षं लागतात.

शहरात भुयारी गटार असेल तर तिथं थोडं थोडं, इतर सांडपाण्याबरोबर सोडा. गावात असाल तर उथळ प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये गच्चीवर आटवा. उन्हाळ्यात लवकर आटतं. उरलेलं मीठ सुक्या कचऱ्यात द्या. ते परत मिसळायला वापरू नका, त्यात टाकीतली घाण साठलेली असते. जनावरांनाही देऊ नका.

प्रवाळाबद्दल एक सरळ गोष्ट

रीफ म्हटलं की प्रवाळ आले. तर ऐका. खडक बांधणारे सगळे प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाच्या पंक्तीत. समुद्रघोडेही तिथंच. म्हणजे मालवणला फिरायला गेलात आणि किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलला, तरी तो गुन्हा. 'लाईव्ह रॉक' म्हणून कुणी समुद्रातला प्रवाळखडक विकत असेल तर घेऊ नका. बाहेरून आयात केलेल्या प्रवाळाला सायटीस कराराची कागदपत्रं लागतात. "कागद नंतर देतो" म्हणणाऱ्याकडून काही घ्यायचं नाही. शंका असेल तर वन विभागाला विचारा.

आपल्या राज्यातही प्रवाळ आहेत. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर समुद्रात अँग्रिया बँक नावाचं बुडालेलं प्रवाळपठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून. ते तिथंच राहू दे. आपण सुरुवात सिरॅमिकच्या किंवा मानवनिर्मित कोरड्या खडकानं करू आणि हॅचरीत जन्मलेल्या क्लाउनफिशनं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं क्लाउनफिशचं बंदिस्त प्रजनन कधीच जमवलंय, आणि आपल्याकडे नवी मुंबईत ऐरोलीलाही कांदळवन प्रतिष्ठानची शोभेच्या सागरी माशांची हॅचरी झाली. समुद्रातून पकडलेल्या माशापेक्षा हॅचरीतला मासा टाकीत लवकर रुळतो, आणि त्यासाठी कुठल्या खडकावर कुणी जाळं किंवा रसायन वापरलेलं नसतं.

तर सुरुवात कशी कराल?

पहिला महिना मासा आणू नका. आधी आरओ-डीआय बसवा आणि वाया जाणाऱ्या पाण्याची सोय लावा. मग दोन ड्रम. मग रिफ्रॅक्टोमीटर. मग मीठ. पाणी बनवा, मोजा, साठवा, आठवड्यानं परत मोजा. सलग चार वेळा ३५ जमलं की टाकी भरा आणि तिच्यातले जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे द्या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मग दोन छोटे क्लाउनफिश. आणि ज्या दिवशी ड्रममधलं पाणी वापराल, त्याच दिवशी पुन्हा भरा. उद्यावर ठेवू नका.

यात दोन-तीन महिने जातील. मित्र म्हणतील, "काय रे, नुसतं पाणीच बघतोयस?" बघू दे. माशाला आपण समुद्रातून, किंवा हॅचरीतून, उचलून काळ्या पाषाणाच्या पठारावर आणलंय. त्याला पळून जायला दुसरं पाणी नाही. जे काही आहे ते आपण बनवलेलं. ते नीट असणं एवढीच आपली त्याच्याशी बांधिलकी.

आज इतकंच. पुढच्या भागात उन्हाळ्यात टाकी थंड कशी ठेवायची, पंखा पुरतो की चिलर लागतोच, आणि विजेचं बिल किती वाढतं, ते बघू. तोपर्यंत ड्रम भरून ठेवा. राम राम!